वनजिल्ह्यांचे रस्ते आणि मोटारीतील पडदा



चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दवाखाना, शाळा, बाजार आणि कचेरी यांच्याशी गावाचा संबंध जोडणारा दुवा म्हणजे रस्ता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तो शासन लोकांच्या अधिक जवळ जावे या हेतूने. तरीही अंतरे लहान झाली नाहीत. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राच्या या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागडच्या रुग्णास जिल्हा रुग्णालय गाठावयाचे तर दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. सिरोंचा त्याहूनही दूर आहे. साहजिकच रुग्णवाहिका, वनखात्याची जीप, विद्यार्थ्यांची बस आणि अधिकाऱ्यांच्या दौऱ्याची गाडी यांना येथील विकासकार्यात मोठे स्थान आहे. गाडी चालविणाऱ्याची नजर कोठे असते, हा प्रश्न म्हणूनच सार्वजनिक हिताचा ठरतो.

अलीकडे खरेदी होणाऱ्या किंवा भाड्याने घेतल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींत चालकाच्या डाव्या हाताशी एक चकचकीत पडदा दिसतो. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या या पडद्यास टचस्क्रीन म्हणतात. पूर्वी गार हवेसाठी, पंख्यासाठी, काचेवरील धुके घालविण्यासाठी आणि रेडिओसाठी वेगवेगळी बटणे व फिरक्या असत. आता काही गाड्यांत यांतील अनेक कामे पडद्यावर गेली आहेत. या बदलाने सोय किती झाली आणि धोका किती वाढला, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पडदा आला कसा

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील ब्युइक रिव्हिएरा या मोटारीत १९८६ मध्येच स्पर्शाने चालणारा पडदा बसविण्यात आला होता. पुढे टचस्क्रीनचे मोबाईल फोन घरोघरी पोहोचले आणि लोकांच्या बोटांना पडद्याची सवय झाली. २०१२ साली टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस या गाडीत सतरा इंचांचा पडदा आला, आणि त्यानंतर इतर कारखानदारही त्या वाटेने निघाले.

यामागे दिखाव्याइतकेच खर्चाचे गणित होते. प्रत्येक बटणासाठी साचा, तारा आणि जुळणी लागते. एकाच पडद्यावर पन्नास बटणांची चित्रे दाखविता येतात, तोच पडदा अनेक प्रकारच्या गाड्यांत बसविता येतो आणि त्यातील कार्यक्रम नंतरही बदलता येतो. कारखानदाराच्या दृष्टीने हे लाभाचे आहे. चालकाच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा आहे.

डोळ्यांचे काम आणि हातांचे काम

हार्मोनियम वाजविणारा कलावंत पट्ट्यांकडे टक लावून पाहत नाही. कचेरीतील कुशल टंकलेखकाची नजर समोरच्या मसुद्यावर असते आणि बोटे आपोआप योग्य कळीवर पडतात. संगणकाच्या कळफलकावर तर दोन कळींवर बारीकशी उंच रेघ असते; तिच्या आधाराने बोटांना आपली जागा न पाहता सापडते. हाताला जागेची आणि आकाराची स्मृती असते. बटण दाबले की ते खाली जाते, टक असा आवाज होतो आणि काम झाल्याची खात्री बोटालाच पटते.

गुळगुळीत पडद्यावर यांपैकी काहीच नसते. कोठेही स्पर्श केला तरी काच सारखीच लागते. योग्य जागा शोधण्यासाठी पाहावे लागते आणि काम झाले की नाही हे समजण्यासाठी पुन्हा पाहावे लागते. त्यातच हवे ते चित्र एका यादीच्या आत दुसऱ्या यादीत दडलेले असेल, तर तिसऱ्यांदाही पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांबाबत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. विमान जमिनीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी वैमानिक चुकून चाके मिटण्याची कळ ओढीत. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने तपास केला, तेव्हा या दोन्ही कळा शेजारी-शेजारी असून हाताला सारख्याच लागतात, असे दिसून आले. उपाय साधा होता. चाकांच्या कळीला चाकासारखी मूठ आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखी मूठ बसविण्यात आली, आणि तशा चुका थांबल्या. माणसाला दोष देण्यापूर्वी त्याच्या हातात दिलेले साधन तपासावे, हा धडा त्यातून जगाला मिळाला.

एका सेकंदाचे मोल

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी ३३ मीटर रस्ता न पाहता कापते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. गाडीतील उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांहून अधिक पाहावे लागू नये आणि एका कामासाठी सर्व मिळून बारा सेकंदांहून अधिक नजर रस्त्यावरून हटू नये, असे त्यांत म्हटले आहे.

स्वीडनमधील ‘वी बिलएगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये बारा गाड्यांची चाचणी घेतली. विमानतळाच्या बंद धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालविताना तापमान वाढविणे, रेडिओचे केंद्र बदलणे यांसारखी ठरावीक कामे चालकांना करावयाची होती. बटणे असलेल्या २००५ सालच्या व्होल्वो गाडीत ती दहा सेकंदांत उरकली. तेवढ्या वेळात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्यावर भिस्त असलेल्या एका नव्या गाडीत त्याच कामांना सुमारे ४५ सेकंद लागले आणि गाडी १,३७० मीटरांहून अधिक पुढे गेली. मात्र ज्या गाड्यांतील पडदा साधा व सुटसुटीत होता, त्यांत चौदा सेकंदांच्या आत काम झाले. म्हणजे पडद्यांतही डावे-उजवे आहे, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

येथील रस्त्यांची कसोटी

परदेशातील ही चाचणी गुळगुळीत धावपट्टीवर झाली. आलापल्ली-सिरोंचा मार्गावर किंवा एटापल्लीच्या परिसरात, जेथे सुरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहतूक चालते, तेथे पावसाळ्यानंतर रस्त्याची अवस्था कशी होते हे सर्वांना ठाऊक आहे. गाडीला हादरे बसत असताना अधांतरी धरलेले बोट पडद्यावरील छोट्या चित्रावर नेमके टेकविणे कठीण जाते. फिरकी मात्र हाताने घट्ट धरता येते. हादरा बसला तरी ती हातातून निसटत नाही.

पाऊस ही येथील दुसरी कसोटी. जून ते सप्टेंबर या काळात समोरची काच आतून धुरकट होते आणि ती तत्काळ स्वच्छ करावी लागते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद होण्याची चिन्हे असताना परतणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाने अशा वेळी यादीत बोट फिरवीत बसावे, हे कोणालाही मान्य होणार नाही. शिवाय आजचे बहुतेक पडदे बोटामुळे होणारा सूक्ष्म विद्युतभारातील बदल ओळखून चालतात. बोट ओले असेल किंवा काचेवर थेंब असतील तर पडद्याची गफलत होऊ शकते, आणि सुती हातमोज्यातून तर स्पर्शच पोहोचत नाही. बटणाला यांची अडचण नसते.

तिसरी आणि सर्वांत मोठी कसोटी वनाची. ताडोबाच्या परिसरात, मूल-सावलीकडील वाटांवर आणि गडचिरोलीच्या सर्व भागांत चितळ, सांबर, रानडुक्कर केव्हा रस्त्यावर येईल याचा नेम नसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला, तेव्हापासून हत्तींचीही भर पडली. माणसांचा वावरही कमी नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी बायामाणसे पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतात, मे महिन्यात तेंदूपानांचे पुडके घेऊन माणसे रस्त्याच्या कडेने चालतात, आणि रात्री गुरे डांबरावर बसतात. येथे ३३ मीटर न पाहता गेलेला रस्ता कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

मतदान यंत्राचा अनुभव

बटणाचे मोल समजण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी मतदान केंद्रावर काम केले आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर वापरात आलेले इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. दुर्गम केंद्रांसाठी ते हेलिकॉप्टरनेही पोहोचविले जाते. उमेदवाराच्या नावापुढे निळे बटण असते; ते दाबले की तांबडा दिवा लागतो आणि लांब शिटी वाजते. बटणाशेजारी अंधांसाठी ब्रेल लिपीतील क्रमांकही असतो. डोळा, कान आणि बोट या तिघांनाही काम झाल्याची खूण मिळते. अक्षरओळख नसलेली वृद्ध स्त्रीही हे यंत्र बिनचूक वापरते. साधन सर्वांसाठी असेल तर ते कसे असावे, याचा हा वस्तुपाठ होय.

जगातील फेरविचार

२१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकेची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत प्रशिक्षणाच्या उणिवांबरोबरच सुकाणू व वेग यांचे नियंत्रण करणाऱ्या स्पर्शपडद्यांच्या रचनेवरही बोट ठेवण्यात आले. त्यानंतर वेगाच्या नियंत्रणासाठी हाताने सरकविण्याच्या कळा पुन्हा बसविण्याचा निर्णय त्या नौदलाने २०१९ मध्ये जाहीर केला.

मोटारींच्या क्षेत्रातही वारे फिरले आहे. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारांकन देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून नवा निकष लागू केला. वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, काचेचे वायपर आणि संकटकाळी मदत मागण्याची सोय, या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारे स्वतंत्र नियंत्रण नसेल तर गाडीचे गुण कमी होतात. आपल्या देशातही १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तारांकन पद्धती सुरू झाली असून गाडी घेताना तारे पाहण्याची सवय ग्राहकांना लागत आहे. ताऱ्यांबरोबर बटणेही पाहावीत, एवढीच त्यात भर घालावयाची आहे.

पडद्याची योग्य जागा

याचा अर्थ पडदा टाकाऊ आहे असा नव्हे. गाडी मागे घेताना मागील बाजूचे चित्र दाखविणारा पडदा शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात लहान मुलांचे प्राण वाचवू शकतो. निघण्यापूर्वी नकाशा पाहणे, गाडीतील बिघाडाची सूचना वाचणे, यांसाठी पडदा उत्तम आहे. गाडी थांबलेली असताना वाचावयाचे ते पडद्यावर आणि गाडी चालू असताना करावयाचे ते बटणावर, अशी वाटणी झाली तर दोहोंचा लाभ मिळेल. हाती धरलेला फोन चालकाने वापरणे हे २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. गाडीतच बसविलेल्या पडद्यात नजर गुंतली, तरी समोरून येणाऱ्या माणसाला असलेला धोका तेवढाच असतो.

काय करता येईल

सर्वप्रथम, जिल्हा परिषद, पंचायत समिती, रुग्णालय किंवा शाळा यांच्यासाठी वाहन खरेदी करताना अथवा कंत्राटाने घेताना चालकाचे मत विचारावे. त्यासाठी एक बिनखर्ची चाचणी आहे. गाडी उभी व इंजिन बंद असताना चालकाने आसनावर बसून डोळे मिटावेत आणि भोंगा, वायपर, वळणाचे व धोक्याचे दिवे, दिव्यांचा झोत खाली करण्याची कळ, काचेवरील धुके घालविण्याची सोय आणि पंखा ही सात नियंत्रणे हाताने शोधून दाखवावीत. जी सापडत नाहीत त्यांची नोंद करावी, आणि निविदेतील तांत्रिक अटींत त्यांच्यासाठी बटणाची अट घालावी.

दुसरे, नवी गाडी आली की चालकास तिच्यासह निदान एक दिवस सरावासाठी द्यावा. गाडीची किल्ली व दौऱ्याचा हुकूम एकाच वेळी हाती देण्याची प्रथा सोडावी.

तिसरे, निघण्यापूर्वी गार हवा, रेडिओ, मार्ग या सर्व गोष्टी ठरवून घ्याव्यात. वाटेत काही बदलावयाचे झाल्यास शेजारी बसलेल्याने ते करावे. चालक एकटा असेल तर त्याने गाडी बाजूला थांबवावी. साहेबांनी मागील आसनावरून चालकास पडद्यावर काही शोधावयास सांगू नये. चालकाला नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून हे पथ्य साहेबांनीच पाळले पाहिजे.

चौथे, शिक्षकांनी रस्ता सुरक्षेच्या पाठात हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे २२ मीटर जाते. शाळेच्या पटांगणात बावीस मीटर मोजून खडूने रेघ मारली, तर घरी गाडी चालविणाऱ्या वडिलांना किंवा भावाला ते अंतर मुलेच समजावून सांगतील. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय घेतला, तर गावातील प्रवासी जीपगाड्यांच्या चालकांपर्यंतही तो पोहोचेल.

यंत्रे सुधारत जातील आणि या वनप्रदेशातही नवनवीन साधने येतील. त्यांचे स्वागत करताना प्रत्येक साधन येथल्या रस्त्यावर, येथल्या पावसात आणि येथल्या अंधारात तपासून घेण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना आहे. पुढील वाहनाच्या खरेदीची टिपणी लिहिली जाईल, तेव्हा चालकाच्या हाताला काय लागते याविषयी एक ओळ तीत असावी.