शिबिर उठल्यावर

(मालवण येथे झालेल्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पंचवीस वर्षं मी किनाऱ्यावरच्या एका उपकेंद्रात नर्स होते. माझं बोलणं असायचं ते बाईच्या खाटेशेजारी बसून. पण परदेशात स्थायिक झालेल्या काही मराठी डॉक्टरांचं पत्र आपल्या गटाकडे आलं आहे. हिवाळ्यात दहा दिवस येऊन इथल्या गावांत फुकट तपासणी करायची त्यांची इच्छा आहे. त्यावर मी बोलावं असं ठरलं.

दूरदेशीचा डॉक्टर आपल्याला नवा नाही. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली तिथेच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत होता. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, ते विसरून चालणार नाही. पण ती माणसं बिऱ्हाड करून राहिली, त्यांची मुलं इथे जन्मली, हेही खरंच.

आणि आपणही डॉक्टर पाठवले आहेत. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा, १ सप्टेंबर १९३८ रोजी, काँग्रेसचं वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीने निघालं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे पाच डॉक्टर. चोळकर नागपूरचे, कोटणीस सोलापूरचे. चौघे यथावकाश परतले. कोटणीस राहिले, चिनी भाषा शिकले, आणि १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं, 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ साली सिनेमा काढला.

'एक परत आला नाही' हे नाव मला नेहमी खटकतं. ही मोजणी मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून केलेली आहे. पलीकडच्या काठावर कोण होतं? क्वो छिंगलान होती. ती नर्स होती आणि नर्सिंग शिकवायची. जखमी येत, शस्त्रक्रिया होई, आणि नंतरचे दिवस आणि रात्री कुणाच्या वाट्याला येत हे कुठल्याही नर्सला विचारा. तिने कोटणीसांशी लग्न केलं. ते गेले तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. हा मुलगा, यिनहुआ, वैद्यकीचं शिक्षण घेत असताना १९६७ साली गेला. ती २०१२ पर्यंत जगली. पती गेल्यावर सत्तर वर्षं! आपल्याकडे ती ठाऊक आहे ती 'डॉ. कोटणीसांची पत्नी' म्हणून, आणि सिनेमात जयश्रीबाईंनी केलेली भूमिका म्हणून. कोटणीसांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण पाच डॉक्टरांची नावं तोंडपाठ असलेल्या मला ह्या एका नर्सचं नाव पन्नाशीनंतर कळलं, याची लाज वाटते.

आता आपल्या किनाऱ्यावरचं सांगते. मी नोकरीत असताना शहरातल्या एका संस्थेने आमच्या भागात शिबिर घेतलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. डॉक्टर सगळे पुरुष, मनाने चांगले, घामाघूम होऊन काम करत होते. दुपारपर्यंत रांग संपवायची होती. रांगेत मासे विकणारी एक बाई होती. नाव सांगत नाही, तिच्या सुना इथे बसलेल्या असतील. कंबर दुखते म्हणाली. तिला गोळ्यांची पुडी आणि इंग्रजीतली चिठ्ठी मिळाली. काही महिन्यांनी ती माझ्याकडे आली तेव्हा अंगावरून जाणं थांबत नव्हतं, तेही पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर. मी विचारलं, शिबिरात का नाही सांगितलंस? म्हणाली, "थंय पडदो नाय होतो गे बाय. बापयांच्या समोर काय सांगू?"

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. बांबोळीला नेलं, पण फार उशीर झाला होता.

त्या दिवशी शिबिरात मीही होते. रांग लावायला, नावं लिहायला. पडदा मागायचं मला सुचलं नाही. डॉक्टरांना आम्ही नारळ दिला, शाल दिली, फोटो काढला. तो फोटो अजून घरी आहे.

हे एकटीदुकटीचं नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. त्याचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी ही तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाया बोलल्या, कारण विचारणारी बाई होती आणि तिला घाई नव्हती.

कुणी म्हणेल, आता ओरोसला २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गावोगाव आशा आहेत. आहेत. पण आजार गंभीर झाला की गाडी अजून बांबोळीकडेच वळते. २०१८ साली गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा ह्या जिल्ह्यात किती खळबळ उडाली ते तुम्हाला आठवत असेल. आणि आशांना मानधनासाठी संप करावे लागतात. पाहुण्या डॉक्टरांचा सत्कार करताना ह्या आपल्या मुलीला आपण साधी खुर्ची देतो का?

म्हणून पत्राचं उत्तर "या" असंच द्यावं, पण आपल्या बोलीवर. निम्म्या तरी डॉक्टर बाया हव्यात. पडदा आणि बंद खोली नसेल तर तपासणी नाही. चिठ्ठी मराठीत, आणि तिची एक प्रत बाईच्या परवानगीने त्या गावच्या आशाकडे. दहा दिवसांत दहा गावं नकोत, दोन पुरेत. ज्या बाईत काही सापडेल तिला पुढे कोण नेणार, गाडीभाडं कोण देणार, तिथे कोणत्या डॉक्टरशी आधी बोलून ठेवलं आहे, हे त्यांनी येण्यापूर्वी लिहून कळवावं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावांत येणार का, तेही. यातलं काही त्यांना जड वाटेल. वाटू दे. चांगली माणसं असतील तर थांबून विचार करतील.

मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचा, खोडायचं ते खोडा. वाचता येत नसेल तिला शेजारणीने वाचून दाखवा. संध्याकाळी सह्या आणि अंगठे घेऊ.