दागिन्याचे मोल आणि विम्याची भरपाई

घरात चोरी झाली म्हणजे गेलेल्या दागिन्याचे वजन व कस सिद्ध करण्याचा भार विमेदारावर येतो. आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या सुमारे ४६.६५ ग्रॅम भरतात. त्या २२ कॅरटच्या असल्यास त्यांत शुद्ध सोने सुमारे ४२.७ ग्रॅमच असते. घडणावळ व खडे यांचा हिशेब निराळा. भारतात २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क जुन्या दागिन्यांवर बहुधा नसतो. त्यांची पारख करवून दाखला घ्यावा. दोन लाखांचा ऐवज एका लाखाला उतरविला आणि करारात प्रमाणशीर भरपाईची अट असली, तर पन्नास हजारांच्या हानीबद्दल पंचवीस हजारच पदरी पडतात. यास्तव ही नोंद भावाप्रमाणे वेळोवेळी सुधारावी. चोरीस गेलेला दागिना तराजूत घालता येत नाही.