न सोसलेल्या औषधाची कैफियत



आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे, तो रोग्याच्या तक्रारीचा विषय आहे. परंतु तक्रारीस आरंभ करण्यापूर्वी उपकाराचे स्मरण करणे मला उचित वाटते. पुण्यालगत पिंपरी येथे १९५४ साली भारत सरकारने, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनिया, प्रसूतिज्वर आणि साध्या जखमेतून रक्तात भिनणारा जंतुदोष यांनी घरेच्या घरे उजाड होताना ज्या पिढीने पाहिली होती, तिला त्या कुपीचे मोल सांगावे लागत नव्हते. प्रतिजैविकांच्या दुष्परिणामांविषयी जो कोणी बोलेल त्याने हे मोल मनात ठेवूनच बोलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा प्रघात मात्र असा की, तिसऱ्या दिवशी पोट बिघडले किंवा अंगावर पुरळ आले, की गोळ्या आपल्या विचाराने बंद करावयाच्या, ‘गरम पडल्या’ एवढा शेरा मारून उरलेली पट्टी फडताळात टाकावयाची, आणि डॉक्टर रागावतील या धास्तीने त्यांस काहीच कळवावयाचे नाही. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलेच, तर ‘कसलेसे इंजेक्शन सोसले नव्हते’ एवढेच उत्तर मिळते. याचा दोष मी एकट्या रोग्याच्या माथी मारणार नाही. ज्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून देताना संभाव्य त्रासाची कल्पना दोन वाक्यांतही दिली नाही, त्यास रोग्याच्या मौनाविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही. परंतु दोष कोणाचाही असो, न सोसलेल्या औषधाची नीट कैफियत कोणी घेत नाही आणि कोणी देत नाही, यातून जे अनर्थ संभवतात त्यांची शहानिशा आज करावयाची आहे.

सर्वसाधारण त्रास आधी उरकतो. आतड्यांत वास करणाऱ्या उपकारक जंतूंवरही प्रतिजैविकाचा अंमल चालत असल्याने पोट ढिले होणे स्वाभाविक आहे, आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोडगोळी जेवणाच्या आरंभी घेतल्यास हा त्रास पुष्कळदा कमी होतो. मेट्रोनिडॅझोलने तोंडास धातूची चव येते. डॉक्सिसायक्लिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. पेलाभर पाणी पिऊन अर्धा तास ताठ बसावे, म्हणजे झाले. क्षयावरील रिफाम्पिसिनने लघवी तांबूस-नारिंगी होते, ते रक्त नव्हे. ही एक गोष्ट आधी न सांगितल्यामुळे घाबरून औषध सोडणारा रोगी क्षयाच्या तावडीत पुन्हा सापडू शकतो. अशा त्रासांत औषध परस्पर न सोडता डॉक्टरांस विचारावे. मात्र जुलाब दिवसातून अनेकदा पाण्यासारखे होऊ लागले, त्यांत रक्त दिसले, सोबत ताप आला किंवा पोटात मुरडा उठला, तर जुलाब थांबविण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू रिकाम्या झालेल्या आतड्यात माजल्याचे ते लक्षण असू शकते, आणि औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही ते प्रकट होते. हा जंतू १९३५ सालीच नवजात अर्भकांच्या विष्ठेत सापडला होता, पण प्रतिजैविकानंतरच्या आतड्याच्या दाहाशी त्याचा संबंध १९७८ सालच्या सुमारास उलगडला.

आता ज्यात विलंबास जागा नाही, त्या प्रकाराकडे वळतो. औषध घेतल्यापासून काही मिनिटांत, बहुधा तासाभराच्या आत, अंगावर गांधी उठल्या, ओठ वा जीभ सुजली, घसा आवळला, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती तीव्र अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) होय. तीवर मुख्य उपाय मांडीच्या स्नायूत टोचलेले अ‍ॅड्रेनालिन हाच आहे, आणि पित्ताची म्हणून ओळखली जाणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रोग्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, धाप असल्यास टेकून बसवावे, पण उठवून चालवत नेऊ नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दुसरा भयंकर प्रकार सावकाश येतो: काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, ताप येऊन डोळे लाल होतात, तोंडात व गुह्यभागी फोड येतात, त्वचा दुखू लागते आणि सुटू लागते. स्टीव्हन्स व जॉन्सन या दोघा डॉक्टरांनी १९२२ साली न्यूयॉर्कमधील दोन मुलांत हा विकार वर्णिला. सल्फा वर्गातील औषधे त्याच्या ज्ञात कारणांपैकी आहेत. येथे पुढची मात्रा घेऊच नये आणि तडक मोठे रुग्णालय गाठावे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषध चालू असता टाचेमागची शीर दुखू लागली, विशेषतः रोगी साठीपलीकडचा असेल किंवा स्टेरॉइड घेत असेल, तर तेही थांबून त्याच दिवशी सांगण्यासारखे आहे.

एका रोग्याची कैफियत इतरांच्या प्राणांशी कशी निगडित असते, याचे क्लोरॅम्फेनिकॉलइतके बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून निघालेले हे औषध १९४९ च्या सुमारास बाजारात आले, आणि विषमज्वराने आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळणारी माणसे त्याने उठून बसू लागली. परंतु अंदाजे पंचवीस ते चाळीस हजारांत एखाद्याच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच त्याने बंद पडे, आणि तीही पुष्कळदा औषध संपून आठवडे लोटल्यावर! एवढ्या विरळ अनर्थाचा संबंध एका डॉक्टरने, आयुष्यभर कितीही डोळस राहून, त्या औषधाशी कसा लावावा? १९५२ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने देशभरच्या रुग्णालयांतून रक्तविकाराची प्रकरणे गोळा केली, तेव्हा कुठे दप्तरादप्तरांत सुटी सुटी पडलेली ही दुःखे एकमेकांशी जोडली गेली आणि वेष्टनावर इशारा छापला गेला.

कैफियत न देणे जितके अनिष्ट, तितकेच चुकीची कैफियत कायम होणेही अनिष्ट. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्यांची रीतसर परीक्षा केली असता दहांपैकी नऊ जणांस ते चालते, असा अनेक देशांतील अनुभव आहे. कारणे साधी आहेत. लहानपणी विषाणुजन्य तापात उठलेले पुरळ औषधाच्या नावावर जमा होते. ग्रंथिज्वराच्या रोग्यास अँपिसिलिन दिले तर फार मोठ्या प्रमाणात पुरळ येते, पण त्यावरून त्यास जन्मभर पेनिसिलिन वर्ज्य ठरत नाही. आणि ज्यांस खरोखर अधिहर्षता होती, त्यांपैकीही सुमारे ऐंशी टक्के लोकांची ती दहा वर्षांत मावळते. तरीही तो शेरा कागदोकागदी चालत राहतो, आणि साध्या औषधाने बरा होणारा रोगी अधिक महागड्या, अधिक उपद्रवी औषधांच्या स्वाधीन होतो.

संधिज्वराने हृदयाच्या झडपा दुखावलेल्या आपल्या देशातील मुलांविषयी मला येथे विशेष कळकळीने सांगावयाचे आहे. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीने ते देण्यास नकार मिळाला, तर त्या नकाराची किंमत मुलाचे हृदय भरते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३२,४३० इंजेक्शनांमागे तीव्र अधिहर्षतेची प्रकरणे ४ आढळली, त्यांत एक मृत्यू होता. तो एक मृत्यू मी क्षुल्लक लेखत नाही. अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवावे, इंजेक्शनानंतर रोग्यास अर्धा तास नजरेखाली बसवावे, इतकी खबरदारी कोणत्याही दवाखान्यास झेपणारी आहे. उपचारच नाकारणे ही खबरदारी नव्हे.

म्हणून कैफियत लिहावी ती अशी: औषधाचे मूळ नाव, केवळ व्यापारी नाव नव्हे, कोणत्या आजारासाठी, कितवी मात्रा घेतल्यावर, किती वेळाने काय झाले, सोबत दुसरी कोणती औषधे चालू होती, आणि काय केल्यावर ते शमले. पुरळाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण आठवड्याने ते मावळते आणि वर्णनावर भिस्त ठेवावी लागते. पेनिसिलिनचा जुना शेरा असेल, तर प्रकृती स्वस्थ असताना तज्ज्ञाकडून त्वचापरीक्षा आणि देखरेखीखालची मात्रा घेऊन त्याची खातरजमा करावी; मात्र पूर्वी त्वचा सुटण्याचा तो भयंकर विकार झाला असेल, तर ते औषध अजमावण्याच्या भरीस पडू नये. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचे मुख्य केंद्र गाझियाबादेस आहे, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर रोगी किंवा त्याचे नातेवाईकही नोंद करू शकतात. चिठ्ठी हरवली म्हणून हताश होण्याचेही कारण नाही: २०१४ पासून औषध-नियमांच्या अनुसूची एच-१ मधील कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद, रोग्याच्या व डॉक्टरच्या नावानिशी, औषधविक्रेत्याने स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे राखणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ज्या दुकानातून गोळ्या घेतल्या तेथे जाऊन औषधाचे नाव अवश्य विचारावे.