भिंग कुठले, अंतर किती?

(कार्यकर्त्यांच्या छायाचित्रण शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



संघटनेसाठी कॅमेरा घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, कुठल्या कंपनीचा? पण फोटोत बाई कशी दिसणार, हे पुढच्या भिंगावर, म्हणजे लेन्सवर, आणि आपण कुठे उभ्या राहतो यावर जास्त ठरते. म्हणून आज लेन्सबद्दलच बोलू.

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरचा: 28, 50, 200. आकडा लहान तितके जास्त दृश्य मावते. आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते. लहान सेन्सरच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांवर 50ची लेन्स साधारण 75सारखी वागते. तिथे 50चे काम 35ची लेन्स करते. खरेदीच्या वेळी हे विचारून घ्या.

दुसरा आकडा छिद्राचा: 1.8, 3.5, 5.6. इथे हिशेब उलटा. आकडा लहान तितके छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त. आपल्या बैठका रात्री, बायकांची कामे उरकल्यावर, एका ट्यूबलाइटखाली होतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची 18-55ची झूम लेन्स 55वर 5.6पेक्षा जास्त उघडत नाही. 1.8ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मग फ्लॅश लागत नाही. फ्लॅश उडाला की बोलणारी बाई बिचकते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता अंतराचे. 28ची लेन्स घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलात तर नाक मोठे दिसते, कान मागे जातात. दोष जवळ जाण्याचा आहे, पण ती लेन्स आपल्याला जवळ जायला लावते. मोबाइलची मुख्य लेन्सही साधारण 24 ते 28च्या जातीची असते. म्हणून चेहऱ्यासाठी 50 किंवा 85 वापरा आणि चार-पाच फुटांवर थांबा. चाळीतल्या खोलीत दहा जणी बसल्या असतील तर मात्र 28च हवी.

मोर्चाचा फोटो दुरून 200ने काढला तर रांगा एकमेकींना चिकटलेल्या, गर्दी दाट दिसते. तोच मोर्चा जवळून 28ने काढला तर मधली मोकळी जागा ठळक होते. पेपरातला फोटो पाहताना तो कुठून काढला असेल हे विचारा. आणि आपणही पन्नास बायकांच्या पाचशे करू नयेत.

200ची लेन्स पोलिसांनी अडवलेल्या मोर्चात कामाची आहे. पण तिने न विचारताही फोटो काढता येतो, हा तिचा धोका. होमाई व्यारावाला (1913–2012), आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्यात झूम नव्हती. जवळचे चित्र हवे तर पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यातून, साडीत, स्वतः पुढे जावे लागे. समोर जाऊन काढलेल्या फोटोत समोरच्या माणसाला आपण दिसतो, तो नाही म्हणू शकतो.

1.8वर पार्श्वभूमी धूसर होते, बाईची ओळख झाकली जात नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 228-अ, 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 72. अशा वेळी चेहरा घेऊच नका. तिच्या परवानगीने हात घ्या, पण गोंदण, बांगड्या, मागची दुकानाची पाटी यांवरूनही ओळख पटते हे विसरू नका.

मारहाणीच्या खुणांचे फोटोही परवानगीनेच. 50ची लेन्स, कॅमेरा खुणेच्या अगदी समोर. आधी पूर्ण हात किंवा पाठ, मग शेजारी मोजपट्टी धरून जवळून. फार जवळून 28ने काढलेल्या फोटोत जखमेचा आकार बिघडतो आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. फोटो असला तरी वैद्यकीय तपासणी करून घ्यायचीच.

पैसे थोडे असतील तर आधी 1.8ची 50 घ्या, लहान सेन्सर असेल तर 35. नंतर 28. 200 दोन-तीन संघटनांनी मिळून घेतली तरी चालेल.

आता जोड्या करा. एकमेकींचा चेहरा दोन फुटांवरून आणि सहा फुटांवरून काढा. आधी विचारा, मग दोन्ही फोटो तिला दाखवा. कुठला ठेवायचा, ते तिला ठरवू द्या.