हायनान : बेट, माणसे आणि विकास

(विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



चीनच्या दक्षिणेला हायनान नावाचे बेट आहे. सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे हे बेट आपल्या मुंबईच्याच अक्षांशावर येते. नारळ, सुपारी, आंबा, फणस सारे तेथे पिकते. मधोमध वुचिशान, म्हणजे पाच बोटांचा डोंगर. त्यामुळे पूर्वेला धो धो पाऊस आणि पश्चिम किनारा कोरडा. आपल्या सह्याद्रीसारखेच, दिशा मात्र उलटी. चक्रीवादळे फार. सप्टेंबर २०२४ मध्ये 'यागी' वादळ वेनछांगला थडकले. इ. स. ७४८ मध्ये विनय शिकविण्यासाठी जपानला निघालेले भिक्खू चिएनचन यांचे जहाज वादळात भरकटून याच बेटाला लागले. तो त्यांचा पाचवा प्रयत्न. पुढे दृष्टी गेली, तरी सहाव्या खेपेस ते जपानला पोहोचलेच.

परंतु मला सांगायचे आहे ते ली लोकांविषयी. हान चिनी येण्याआधीपासून ते या बेटावर राहतात. आज एक कोटीच्या वस्तीत ते बारा लाखांहून अधिक आहेत. जुन्या राज्यकर्त्यांनी त्यांचे दोन भाग पाडले होते. कर भरणारे, हुकूम मानणारे ते 'शिजलेले' ली. डोंगरात स्वतंत्र राहणारे ते 'कच्चे' ली. माणसाला कच्चा आणि शिजलेला म्हणायचे! आपल्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. आणि गंमत पाहा. तेराव्या शतकात ह्वांग ताओफो नावाची एक गरीब स्त्री या बेटावर राहिली. कापसाचे सूत आणि विणकाम ती येथे शिकली, ली बायकांकडून, असे मानतात. नंतर शांघायजवळच्या आपल्या गावी परतून तिने ती विद्या इतरांना दिली. तो मुलूख पुढे कापडासाठी नावाजला. मग मागासलेले कोण?

१९८८ साली हायनान स्वतंत्र प्रांत आणि विशेष आर्थिक क्षेत्र झाला. जमिनीवर पैशाचा पूर लोटला. १९९३ मध्ये सरकारने कर्जे आवळली, भाव कोसळले आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे वर्षानुवर्षे उभे राहिले. १९९५ मध्ये हायनान डेव्हलपमेंट बँक निघाली. दोन वर्षांत २८ डबघाईला आलेल्या पतसंस्था तिच्या गळ्यात घातल्या. खातेदारांच्या रांगा लागल्या आणि जून १९९८ मध्ये बँक बंद झाली. मी बँकेतला कारकून. कर्जाच्या कागदात आम्ही आधी तारण पाहतो. तेथे तारण होते ते बव्हंशी उद्या भाव वाढेल या आशेचे.

त्यानंतर पुष्कळ झाले, ते नाकारू नये. २०१५ मध्ये बेटाला वळसा घालणारी वेगवान रेल्वे पूर्ण झाली. २०१६ पासून वेनछांगहून अग्निबाण सुटतात. डिसेंबर २०२५ पासून सारे बेट वेगळे जकात क्षेत्र झाले आहे. सान्याजवळ क्वानयिनची १०८ मीटर उंच मूर्ती आहे. दर्शनाला तिकीट लागते, हे मला खटकते.

डोंगराकडच्या एका पर्यटनस्थळी गोंदलेल्या चेहऱ्यांच्या वृद्ध ली बायका जमिनीवर बसून, पायांनी ताणून धरलेल्या मागावर कापड विणताना दिसतात. २००९ साली युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याच्या यादीत घातली होती. पाहुणे फोटो काढतात आणि पुढे जातात. ली लोकांना जुनी लिपी नव्हती. कोण कोणत्या शाखेचा, हे त्या कापडावरची नक्षीच सांगते.

जयभीम.