आमरीची जोपासना

बेळगाव-निपाणी भागातील हौशी बागवान हल्ली आमरीचे, म्हणजेच ऑर्किडचे रोप मोठ्या आवडीने आणतात. पहिला बहर ओसरतो, पाने पिवळी पडतात, मुळे कुजतात आणि दोष मात्र हवेच्या माथी मारला जातो. वास्तविक बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेस खानापूर-जांबोटीच्या रानांत आमरीच्या कित्येक जाती आपण होऊन वाढतात. जुन्या मुंबई इलाख्यातील आमरींवर फादर सांतापाव व कपाडिया यांनी १९६६ साली स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. तेव्हा हवा परकी नव्हे; चुकते ती जोपासनेची रीत.

यांतील पुष्कळ जाती झाडाच्या फांदीवर राहतात, म्हणून लोक त्यांना बांडगूळ समजतात. ‘वांडा’ या प्रसिद्ध वंशाचे नावही बांडगूळवाचक संस्कृत ‘वंदा’ शब्दावरूनच आले आहे. परंतु बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. तिच्या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे पाणी चटकन टिपते आणि पाऊस थांबताच वाऱ्यावर सुकू लागते. पाणी आणि वारा आळीपाळीने मिळणे, हेच या वनस्पतीच्या जीवनाचे रहस्य होय. बागेतील मातीत पुरलेल्या मुळास वारा मिळत नाही व ते कुजते.

म्हणून कुंडीस बुडाशी आणि बाजूंसही भोके असावीत. तीत लाकडी कोळसा व भाजलेल्या विटा यांचे अंगठ्याएवढे तुकडे आणि थोडी धुतलेली नारळाची सोडणे भरावीत. रोप हलू नये म्हणून काठीस सैलसर बांधावे. नवशिक्याने प्रथम डेंड्रोबियम घ्यावे. ते बरेच सोशीक असते.

पाणी किती दिवसांनी घालावे, असे सर्वच विचारतात. त्याचे उत्तर दिनदर्शिकेत नसून मुळाच्या रंगात आहे. मूळ रुपेरी दिसले की सकाळी भरपूर पाणी द्यावे; हिरवे असेतोवर थांबावे. पानांच्या पोंग्यात पाणी साचू देऊ नये. बेळगावात आषाढ-श्रावणाची झड लागली की कुंडी पागोळ्यांपासून दूर, वाऱ्याच्या पडवीत टांगावी. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात पाऊस कमी. तेथे चैत्र-वैशाखात मुळे लवकर सुकतात. अशा वेळी कुंडीखाली ओल्या वाळूचे तबक ठेवावे. मात्र कुंडीचे बूड पाण्यात नसावे.

उजेड हवा, परंतु दुपारचे ऊन नको. पाने गर्द हिरवी असून फूल येत नसेल तर उजेड कमी पडतो. पाने पिवळसर होऊन करपली तर ऊन अधिक होते. नवी फूट येत असताना पाण्यात विरघळणारे संतुलित खत लिटरास एक ग्रॅमहून अधिक न घेता आठवड्यातून एकदा द्यावे. साचलेले क्षार धुऊन जावेत म्हणून महिन्यातून एकदा कुंडीतून साधे पाणी भरपूर वाहू द्यावे.

राहता राहिला रोप कोठून आणावे हा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते व त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि रोपास फूल येण्यास वर्षे लागतात. फांदीवरून ओरबाडलेली एक जुडी म्हणजे कित्येक वर्षांची कमाई क्षणात गमावणे होय. शिवाय असे रोप घरी बहुधा जगत नाही, आणि राखीव जंगलातून विनापरवाना वनस्पती काढणे हा गुन्हाही आहे. बुरशीवाचून साखरयुक्त माध्यमावर हे बी रुजविण्याची रीत लुईस नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली दाखवून दिली. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपे तयार करणे शक्य झाले आहे. यास्तव रानावर हात टाकण्याचे कारण उरलेले नाही.

पावसाच्या तोंडाशी सह्याद्रीच्या रानात झाडावरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’ पाहावी, तिच्या मुळांभोवती वारा कसा खेळतो ते ध्यानात घ्यावे आणि तसाच वारा घरच्या कुंडीस द्यावा. वेणी मात्र रानातच राहू द्यावी.