नावाची पत

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, अशी एक म्हण महाराष्ट्रात फार दिवसांपासून रूढ आहे. या म्हणीत जितके व्यवहारज्ञान आहे तितकाच उपहासही आहे. जाहिरात हा शब्द कानी पडताच पुष्कळ सभ्य माणसांच्या कपाळाला आठी पडते, ती या म्हणीतील मातीमुळे. वास्तविक विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. ज्याच्या पदरी खरोखरच सोने आहे, परंतु ज्याला गिऱ्हाईक ओळखत नाही, त्याने बोलावे तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास मुंबईच्या मोठ्या पेढ्यांकडेच जावयास हवे असे नाही. पूर्वीच्या औंध संस्थानातील एका ओसाड माळावर ते फार चांगल्या रीतीने दिले गेले.

औंध हे गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. संस्थान मात्र एकसंध नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे तालुके दूरदूर विखुरलेले होते. इ. स. १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते आणि कारागिराची कदर त्यांना होती. त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना आपला लहानसा कारखाना जागेच्या अडचणीमुळे हलविणे भाग पडले. मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेलेला, परंतु रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून कुंचला ठेवून यंत्राकडे वळलेला हा गृहस्थ. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन दिली आणि १९१० साली निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू झाली. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर हा तेथील मुख्य माल.

माल उत्तम असला म्हणजे तो आपोआप खपतो, असे भाबडे मत पुष्कळांचे असते. लोखंडी नांगराचा अनुभव याच्या अगदी उलट होता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर विकले जाण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली अशी हकीकत सांगतात. ही समजूत ऐकून शहरी मनुष्य हसतो. पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर हसू ओसरते. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई आणि मोडला तर तोच सांधून देई. त्यासाठी रोख पैसा काढावा लागत नसे. लोखंडी नांगर रोखीने घ्यावयाचा, त्याला अधिक बैल जुंपावयाचे, आणि फाळ झिजला किंवा एखादा भाग तुटला तर दारचा सुतार निरुपयोगी! ऐन हंगामात नांगर बंद पडला तर ती तूट पुढच्या वर्षीपर्यंत भरून निघत नाही. तेव्हा त्याची शंका अडाणीपणाची नव्हती. आपले सारे वर्ष एका अनोळखी नावाच्या भरवशावर टाकावे काय, असे तो विचारीत होता.

याचाच अर्थ असा की, जाहिरात लिहिणाऱ्याला प्रथम ऐकावे लागते. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर उपटून माती उलथून टाकणे, हे काम लाकडी नांगराला साधत नाही आणि लोखंडी नांगराला साधते, हा मुद्दा शेतकऱ्याला पटण्याजोगा होता. परंतु तो विशेषणांनी पटत नाही. शेजाऱ्याच्या रानात तास धरून दाखविला म्हणजे पटतो. आणि एकदा पटल्यावर सुटे भाग वेळेवर मिळाले म्हणजेच तो टिकतो.

१९१४ साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर वाडीस आले आणि जाहिरातीचे काम पाहू लागले. ते चित्रकला शिकलेले, आणि पुढे लेखक व संपादक म्हणून प्रसिद्धी पावले. हाती कुंचला आणि टाक दोन्ही असलेला मनुष्य अशा कामाला मिळणे, हा मोठाच योग होय. त्या काळी जाहिरातीचा स्वतंत्र धंदा मुंबईत नुकता बाळसे धरीत होता. गिरगावात १९०५ साली निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही आपल्या देशातील आद्य जाहिरातसंस्थांपैकी एक म्हणून गणली जाते. पण कुंडलच्या माळावर असा कोण येणार? तेथे सारे घरच्या घरीच व्हावयाचे. अशा कामात वस्तू समजून घ्यावी लागते, तिचे चित्र काढावे लागते, चित्राचा ठसा करवून घ्यावा लागतो, मजकूर अक्षर मोजून बसवावा लागतो, आणि छापलेला कागद ज्याला वाचता येत नाही त्याच्याही डोळ्यांना काही सांगेल अशी योजना करावी लागते. चावडीवर एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी ज्या समाजाची रीत, तेथे वाक्य कानाला सरळ लागले पाहिजे.

त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आवक आटली आणि देशी मालाला मागणी आली. दुसरीकडे लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला. टंचाईच्या दिवसांत गिऱ्हाईक दारी येऊन उभे राहते, आणि हलका माल खपविण्याचा मोह त्याच वेळी प्रबळ होतो. नावाची खरी परीक्षा मंदीपेक्षा अशा तेजीतच होते. कारण तेजीत खपलेला वाईट माल मंदीत साक्ष द्यावयास परत येतो.

१९२० साली शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांना, अडत्यांना आणि कामगारांना कळावी, हा त्याचा मूळ हेतू. येथवर ते एक जाहिरातीचे साधनच होते. परंतु पुढे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. पत्राचे लक्ष हळूहळू नांगरावरून नांगर धरणाऱ्या माणसाकडे वळले. उद्योग, प्रवास, विज्ञान, समाजसुधारणा, कथा असे विषय त्यात येऊ लागले. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळून ते नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. ज्या घरात नांगराची गरज कधीच पडावयाची नव्हती, अशा पांढरपेशा घरांतूनही हे नाव आदराने घेतले जाऊ लागले. विकत घ्या, असे सारखे म्हणत राहणाऱ्याला लोक चुकवितात. उपयोगाचे चार शब्द सांगणाऱ्याची मात्र ते वाट पाहतात.

याच संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे ओगले बंधूंचा काचकारखाना वाढला. त्यांच्या कंदिलाचे नाव ‘प्रभाकर’. प्रभाकर म्हणजे सूर्य, हे कीर्तन ऐकणाऱ्या कोणत्याही खेडुताला शब्दकोश न पाहता ठाऊक. परदेशी कंदिलांच्या अवघड नावांपुढे हे तीन-चार अक्षरांचे नाव किती सहज जिभेवर बसले असेल! तो कारखाना कालांतराने बंद पडला, तरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी प्रभाकर कंदिलाचे नाव पुष्कळ वर्षे राहिले. चांगल्या नावाचे आयुष्य कधी कधी वस्तूहून अधिक असते.

आज पुणे, सांगली, सातारा, कोल्हापूर अशा शहरांत चार-सहा तरुण माणसे एका खोलीत बसून हेच काम करतात. त्यांच्यापुढे संगणक असतो, आणि पूर्वी ज्याला छाप किंवा मार्का म्हणत त्याला ते ब्रँड म्हणतात. साधने बदलली, पण अडचण तीच राहिली आहे. गूळ करणारा, मसाला कुटणारा, अवजार घडविणारा त्यांच्याकडे येतो आणि म्हणतो, आमचे नाव करून द्या. येथे त्या तरुणांनी एक भेद ओळखावयास हवा. नाव सुचविणे, त्याला आकार आणि रंग देणे, ते चार लोकांपर्यंत पोहोचविणे हे त्यांच्या हातचे आहे. पत मिळवून देणे त्यांच्या हातचे नाही. नाव हे वचन होय, आणि वचन पाळावयाचे ते कारखान्यात, भट्टीवर, गुऱ्हाळात. जो माल आपल्या घरी आणावयास मन धजत नाही, त्याची स्तुती लिहावी काय, हा प्रश्न त्या खोलीतील प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. पोटाचा प्रश्न असल्याने त्याचे उत्तर सोपे नसते. तरी एवढे खरे की, खोट्या स्तुतीचा पहिला बळी गिऱ्हाईक असला तरी दुसरा बळी लिहिणाऱ्याचा शब्दच असतो. तो शब्द पुढच्या वेळी खऱ्या मालाच्याही उपयोगी पडत नाही.

१९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या प्रक्षोभात किर्लोस्करवाडीला आग लावण्यात आली आणि कारखान्याची फार मोठी हानी झाली. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झाले. ज्या राजाश्रयावर वाडी उभी राहिली तो गेला आणि इमारतीही जळाल्या. लक्ष्मणराव त्या वेळी सत्तरीच्या उंबरठ्यापलीकडे होते. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि आजही तेथे पंप तयार होतात. राखेतून उभे राहणाऱ्याला भांडवल लागते, माणसे लागतात, धैर्य लागते. पण याचा माल पूर्वी चांगला होता, पुढेही चांगलाच असेल, असे दूरच्या गावी कोणीतरी म्हणावे लागते. ते म्हणणारा शेतकरी एका दिवसात तयार होत नाही. त्यासाठी अडतीस वर्षे तास धरावे लागले होते.

कुंडल रोड हे स्टेशनचे जुने नाव जाऊन तेथे किर्लोस्करवाडी अशी पाटी लागली, तिलाही आता पुष्कळ वर्षे झाली. कोकणातल्या एका गावावरून पडलेले एक आडनाव देशावरच्या माळावर येऊन स्वतःच गाव झाले. बोलणाऱ्याची माती विकते, हे म्हणणे खोटे नाही, पण ती एकदाच विकते. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक दाराशी येते ते बोलण्यासाठी नव्हे, तर पहिल्या खेपेचा माल शेतात कसा चालला, ते आठवून.